आठ सेकंदांचं पांढरं

दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक हात आला. पांढरा हातमोजा चढवलेला, बोटं जुळलेली, तळवा सरळ माझ्याकडे. ना नवरी, ना नवरा, ना प्रार्थनागृहाची ती उंच रंगीत खिडकी, नुसता हात. आठ सेकंद. पाचव्या सेकंदाला बाईचा आवाज आला, "झालं?" आणि पाठोपाठ तेत्सुरोचा, "अजून थोडं. हलवू नका." मग तो हसला. नाकातून, अगदी हलकं, आपण हसतोय हे आपल्यालाही कळू नये असं. तेत्सुरो माझा नवरा आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि हे हसू मी विसरूनच गेले होते. ते हरवलं होतं असंही नाही. ते कुठंतरी वापरात होतं, एवढंच.

मी बसते ती खोली मेजवानीच्या दालनामागे, भांडी घासायच्या मोरीला लागून आहे. कोबेच्या चढावरचं हे लग्नगृह समुद्र दिसतो म्हणून लोक वर्षभर आधी ठरवतात. माझ्या खोलीला खिडकी नाही. लग्न चालू असतानाच त्या लग्नाची फीत तयार करायची आणि पाहुणे उठायच्या आत त्यांना दाखवायची, हे आमचं काम. सकाळी घडलेलं दुपारी बघायचं, वरून एकेका पाहुण्याचं नाव सावकाश सरकत जातं, आणि तासाभरापूर्वी ज्यांनी डोळे पुसले ते स्वतःला डोळे पुसताना बघून पुन्हा डोळे पुसतात. तेत्सुरो बाहेर टिपतो, मी आत कापते. 'कापणं' हा शब्द मी याच खोलीत उच्चारू शकते. दालनात कापणं, तुटणं, संपणं, परत जाणं यातलं काही बोलायची सोय नाही, लग्नात ते अशुभ. केकला सुरी 'लावतात' आणि समारंभ संपत नाही, 'उमलतो'. अकरा वर्षं हे ऐकून मला कधी कधी वाटतं की बाहेर सगळं उमलतंय म्हणूनच माझ्या वाट्याला एवढं कापायला येतं.

परवापरवापर्यंत तेत्सुरो स्वतः यायचा. एका लग्नात चार वेळा. दारावर दोन टकटक, मग घामेजलेला तो, शर्टाला लिलीच्या फुलांचा आणि मेणबत्त्यांचा वास, हातात कॅमेऱ्यातलं कार्ड. ते माझ्या तळव्यावर ठेवायचा, माझ्या थर्मासच्या झाकणातून सातूचा चहा प्यायचा, म्हणायचा, "केक झकास आलाय. काकू काही रडली नाही," आणि पळायचा. वीस सेकंद. चार वेळा वीस सेकंद, शनिवार-रविवारी शुभ दिवस असला तर त्याच्या दुप्पट. घरी आम्ही एकमेकांशी फार बोलत नाही. भांडण नाही, बोलायचं संपलंय. पण ती वीस सेकंद मी कुणाला दिली नसती. आणि ती गेली. कुरामोची-सान, म्हणजे दालनाचे प्रमुख, गेल्या महिन्यात म्हणाले होते, "आता मधल्या वाटेत ती धावपळ नको. पाहुण्यांना दिसतं." म्हणून हा नवा कॅमेरा. यातलं चित्र वायरलेसनं थेट माझ्या कॉम्प्युटरवर येतं. गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेत्सुरोनं दोघांची गाठ घालून दिली. कॅमेऱ्यानं माझ्या कॉम्प्युटरचं नाव विचारलं, कॉम्प्युटरनं आठ आकडे मागितले, आणि झालं. "बघ," तो खुशीत म्हणाला, "तार नाही, तो दिवे लुकलुकणारा डबा नाही. हा आणि हा. मध्ये कोणी नाही." तेव्हा मी ताटल्या पुसत होते. मी म्हटलं, "बरं झालं."

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. कार्ड घेऊन येताना मधल्या वाटेत चालता चालता तो रद्दी पुसून टाकायचा. बुटांचं चित्र, हललेलं, चुकून बटण दाबलं गेलेलं. त्याला त्याचा अभिमान होता. "तुझ्या हातात मी कचरा देत नाही," म्हणायचा. आता टिपणं थांबवलं की तो तुकडा आपल्या पायांनी माझ्याकडे चालत येतो. पुसायला वाटच उरली नाही. अकरा वर्षांत त्या वाटेवर त्यानं काय काय पुसलं असेल हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

हात कुणाचा ते ओळखायला वेळ लागला नाही. मिनेगिशी-सान. नवरीची सोबतीण म्हणून गेल्या पानगळीत रुजू झाली. काळा सूट, पांढरे हातमोजे. नवरीचा घोळ सावरायचा, नाकाखाली रुमाल धरायचा, गुडघ्यावर बसून बुटाचा पट्टा लावायचा आणि कॅमेरा वळला की नाहीसं व्हायचं. सोबतीण फितीत दिसत नाही, ऐकू येत नाही, हा इथला नियम. गेल्या वर्षी एकीचा खांदा आला तर कुरामोची-साननी तिला कोट सांभाळायच्या खिडकीत नेऊन बसवलं. मिनेगिशी-सान चाळिशीची, नवऱ्याचं घर सोडून आईकडे परत आलेली. हे मी का लक्षात ठेवलं होतं? कुणाकुणाचे नवरे सुटले याची यादी मी मनात बाळगते की काय? मी ती आठ सेकंद पुन्हा लावली. "झालं?" या शब्दात तिची बोटं जराशी मुडपत होती. पुन्हा लावली. पडद्याच्या कोपऱ्यात बाकीचे तुकडे येऊन रांगेत उभे होते, अंगठ्या, नवरीचे वडील, फुलं, आणि मी एक हात बघत बसले होते.

हात कशासाठी ते मला न कळायला मी काही परकी नाही. उजेड बदलला की कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते नव्यानं दाखवावं लागतं. ते पांढरं तो प्रमाण धरतो आणि बाकी सगळे रंग त्यावरून ठरवतो. चौदा वर्षांपूर्वी ते पांढरं मी होते. तेव्हा तेत्सुरोकडे उसना कॅमेरा होता आणि आम्ही शाळांच्या खेळांचे, नाचाच्या वर्गांचे, कुणाच्या आजोबांच्या सत्याहत्तरीचे कार्यक्रम टिपत फिरायचो. मैदानातून मांडवात आलो की तो न बघता म्हणायचा, "चिझु, पांढरं." मी रुमाल उघडून त्याच्यासमोर धरायची. तो एका डोळ्यानं आत बघायचा, दुसरा मिटलेला, आणि म्हणायचा, "हलू नकोस." मी श्वास रोखून धरायची. तो रुमालाकडे बघतोय हे मला माहीत होतं. पण माझ्याकडे इतका वेळ न हलता कुणीच बघितलं नव्हतं. त्यानं मला लग्नाचं कधी विचारलं नाही. एके दिवशी बंदराजवळ, उजेड काही बदललेला नसताना म्हणाला, "चिझु, पांढरं," आणि मी रुमाल काढेपर्यंत हसत राहिला. नाकातून.

मी आत बसायला लागले तेव्हा त्याला एक पांढरं कार्ड आणून दिलं, दुकानात मिळतं ते, अचूक पांढरं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. म्हटलं, आता रुमाल धरायला मी नाही. त्याची पिशवी माझ्या टेबलाखाली असते. मी पायानं ओढली, बाजूचा कप्पा उघडला. कार्ड होतं. वेष्टनासकट. चिकटपट्टीचं टोकसुद्धा उचकटलेलं नव्हतं.

अकरा चाळीसला बागेतून दुसरा हात आला. "गार पडलाय," ती म्हणाली. "बर्फाची बादली उचलली असणार," तो म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?" "थरथरतोय." बस, एवढंच. यात काय आहे? कुणीही म्हणेल, काहीच नाही. पण माझे हात थरथरताना त्याला शेवटचं कधी दिसले? जानेवारीत मी ताप अंगावर काढून चार लग्नं कापली, तेव्हा त्यानं थर्मास उचलून बघितला आणि म्हणाला, "चहा संपला वाटतं." बारा वीसला दालनातून तिसरा. पिवळ्या दिव्यांत हात दुधासारखा दिसत होता. "झालं का, की पाहुणे उठेपर्यंत धरून ठेवू?" ती कुजबुजली आणि तो पुन्हा तसाच हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग जे जे तुकडे आले त्यात मला तीच दिसायला लागली. नवरी वळते, कडेला काळी बाही. नवरी बसते, मागे वाकलेली पाठ. तेत्सुरो असली कड कधी सोडत नाही. की नेहमी सोडतो आणि मी नेहमी न बघता कापून टाकते?

माझी फीत दोन दहाला लागायची होती. एक वाजेपर्यंत नावं बसवून झाली होती, नवरीच्या काका-मामांच्या नावांखाली जरा जागा रिकामी होती. मी तिसरा हात उचलला आणि तिथे ठेवला. आवाजासकट. सांगते ते खरं सांगते, मला राग आला म्हणून नव्हे. राग साडेबारालाच येऊन गेला होता. मला ते शंभर माणसांत दिसायला हवं होतं. अंधारात, मोठ्या पडद्यावर, काकांच्या नावामागे तिची कुजबुज आणि त्याचं हसू. कुरामोची-सान वळून बघतील. ती सोमवारी कोटांच्या खिडकीत असेल. तेत्सुरो खाली मान घालून केबल गुंडाळेल, आणि मला म्हणावं लागेल, "अगंबाई, चुकून आलं." मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. छान जमत होतं.

एक पन्नासला नवरीनं आईवडिलांना लिहिलेलं पत्र वाचायला घेतलं. फितीचा जीव त्यातच असतो. ते नसेल तर बाकी नुसती जेवणावळ. मी वाट बघत राहिले. कोपऱ्यातली जोडणीची खूण आधी पिवळी झाली, मग नाहीशी झाली. दालनातले सगळे पाहुणे फोन उंचावून उभे राहिले असणार; इतकी माणसं आडवी आली की ते वायरलेस मान टाकतं. कानातल्या यंत्रात कुरामोची-सान हळूच म्हणाले, "चिझुरू-सान, जोडणी जरा... जरा विसावलेली दिसते." बिचाऱ्यांना 'तुटली' म्हणता येईना. मी म्हटलं, "कार्ड पाठवा. पायी. तेत्सुरोला पाठवा." "त्यांना हलता येणार नाही, वडिलांचं भाषण आहे." एक अठ्ठावन्न. एक एकोणसाठ. दारावर दोन टकटक झाल्या. एवढं सगळं होऊनसुद्धा त्या दोन टकटकींनी माझ्या छातीत काहीतरी उसळलं, याची मला अजूनही लाज वाटते.

मिनेगिशी-सान होती. धापा टाकत. दोन्ही हातांनी कार्ड पुढे करून वाकली, आणि वर येता येता तिची नजर पडद्यावर गेली. तिथे तिचाच हात थांबून होता, काकांच्या नावावर. मग ती म्हणाली, "हे... दाखवणार आहात?"

"तुमचाच आहे ना?"

"हो." तिनं हात मागे घेतले. "चिझुरू-सान, मला हे काम हवं आहे. आई एकटी आहे. मी काही बोलायला नको होतं तिथे, कळतंय मला. पण तेत्सुरो-साननी पहिल्याच दिवशी विचारलं आणि मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल."

"मी? मी काय सांगणार?"

"हातमोज्याचं. ते म्हणाले, बायकोनं दिलेलं कार्ड अगदी बरोबर आहे, पण तसल्या कार्डांनी माणसं दवाखान्यात बसल्यासारखी दिसतात. पूर्वी बायकोचा एक रुमाल होता, त्यानं चेहरे उन्हातले यायचे. तसं पांढरं परत कुठे मिळालं नाही म्हणाले. माझे हातमोजे बघून थांबले आणि विचारलं, धुता कशात?"

"कशात?"

"आई धुते. ती अजून नीळ घालते."

मी तिच्या हाताकडे बघितलं. खोलीतल्या ट्यूबखाली तो पांढरा नव्हताच. पांढऱ्याच्या पलीकडे जरासा निळा. कॅमेऱ्याला निळसर दाखवून हेच पांढरं म्हटलं की तो सगळ्या जगाला थोडी पिवळी ऊब देऊन टाकतो. मला हे कुणी शिकवायला नको होतं. माझ्या वडिलांचं आकाशी गावात धुलाईचं दुकान होतं. शाळेतून आल्यावर शर्ट निळीच्या पाण्यातून मीच काढायची, नखं निळी असायची. रुमाल त्याच दुकानातला. वडील गेले, दुकान मोडलं, रुमाल कधीतरी फडकं झाला. आणि गेल्या पानगळीपासून लोक म्हणत होते, हल्ली तुमच्या फितीत चेहरे किती जिवंत येतात. मी मान तुकवून म्हणायची, रंगांवर जरा जास्त बसते हल्ली. मला खरंच वाटायचं की ते माझ्यामुळे होतंय.

"जा तुम्ही," मी म्हटलं. ती पुन्हा वाकली, जास्त खाली, आणि गेली. नऊ मिनिटं होती. मी हात काढला. त्या आठ सेकंदांच्या भोकात पत्र वाचताना थांबलेली नवरी बसवली, कागद हलतोय, आवाज येत नाही. दोन दहाला फीत लागली. दालनाच्या मागच्या पडद्याच्या फटीतून मी बघितली. नवरीचा बाप, जाड मानेचा मच्छी बाजारातला माणूस, हमसून रडत होता आणि त्याच्या रडक्या चेहऱ्यावर पडद्यावरचा उन्हाळी उजेड पडला होता. सगळे टाळ्या वाजवत होते. मी घाम गाळून जोडलेलं त्यांना दिसत होतं, आणि मला त्यात दुसऱ्या बाईची धुलाई दिसत होती.

दुपारचं लग्न साडेतीनला. मधल्या तासात तेत्सुरो डबा घेऊन आला. दोन टकटक. भात, खारवलेली माशाची फोड, पिवळ्या मुळ्याचे काप. तो माझ्या झाकणातून चहा प्यायला. "जोडणी विसावली म्हणे," तो म्हणाला.

"इथे तुटली म्हटलं तरी चालतं." मी मुळा चावत होते. "सगळं आलं माझ्याकडे. तू पुसतोस तेसुद्धा."

त्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. कान लाल झाले. मग म्हणाला, "तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. तूच म्हणतेस, पांढरं म्हणजे पांढरं."

"किती वेळा म्हटलं असेन?"

"एकदा. पण फार जोरात." तो जरा हसला, नाकातून नव्हे. "चिझु, तो रुमाल आठवतो तुला? तसं पांढरं मी सगळीकडे शोधलं. दुकानं पालथी घातली. शेवटी एका हातमोज्यात सापडलं. मूर्खपणाच आहे."

एखाद्या शहाण्या बाईचं मन इथे निवळलं असतं. नवरा इतकी वर्षं आपलाच रंग शोधत हिंडतोय, आणखी काय हवं? पण माझं निवळलं नाही. मिनेगिशी-सानवरचा जळफळाट गेला, अगदी धुऊन गेला, आणि त्या जागी दुसरीच बाई येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांची, निळी नखं, रुमाल धरून श्वास रोखलेली. तिच्यासाठी तो दुकानं पालथी घालत होता. मी इथे होते, मोरीला लागून, खिडकी नसलेल्या खोलीत, दिवसातून चार वेळा. माझ्या तळव्यावर तो कार्ड ठेवायचा आणि तो तळवा त्याला एकदाही पांढरा दिसला नाही. मिनेगिशी-सानला मी कोटांच्या खिडकीत बसवू शकले असते. हिचं काय करणार? ही म्हातारी होणार नाही, हिला ताप येणार नाही.

मी वाकून पिशवीच्या कप्प्यातून कार्ड काढलं, वेष्टन फाडलं आणि त्याच्या डब्याशेजारी ठेवलं.

"हे वापर."

"चिझु..."

"अचूक आहे. बायकोनं दिलेलं आहे. हेच वापर."

त्यानं माझ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ, दोन्ही डोळ्यांनी. मग कार्ड खिशात घातलं आणि म्हणाला, "बरं."

तीन सतराला माझ्या पडद्यावर एक चित्र आलं. पांढरं कार्ड, तेत्सुरोच्या स्वतःच्या डाव्या हातात धरलेलं, अंगठ्याचं नख चिरलेलं. आठ सेकंद. आवाज कुणाचाच नाही. पाठोपाठ नवरी आली. देखणी होती, उंच, गळ्यात मोती. कातडी कातडीच्या रंगाची, भिंत भिंतीच्या रंगाची, सगळं जसं आहे तसं. तिच्या आजीला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं, आणि आजी खरोखरच दवाखान्यातून आल्यासारखी दिसत होती. मी पिवळा वाढवला. चेहरे काविळीसारखे झाले. उतरवला, तांबडा चढवला, दारू प्यायल्यासारखे. बागेतून पुन्हा कार्ड आलं, दालनातून पुन्हा कार्ड. दर वेळी मला आधी अंगठ्याकडे बघावंसं वाटायचं आणि दर वेळी कान लागलेले असायचे. कुणी "झालं?" म्हणालं नाही. तो हसला नाही. जोडणीची खूण दुपारभर हिरवीच राहिली, एकदाही विसावली नाही. मध्ये कोणी नव्हतं.

पाच वाजता कुरामोची-सान कानात म्हणाले, "चिझुरू-सान, रंगांचं काही...? नवरीच्या आई विचारताहेत, नमुन्याच्या फितीत चेहरे वेगळे होते म्हणून. मिनेगिशी-सान इथेच आहेत, त्या म्हणतात, तुम्ही सांगितलं तर त्या काही मदत—"

फीत सहाला लागायची होती. भाषणं आणि पत्र अजून व्हायची होती. मी एक शब्द बोलले असते तर तो हात पुढे आला असता आणि निदान ते पत्र तरी उन्हात वाचलं गेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "हे बरोबर आहे."